इम्बरच्या भिंतीवरच्या घंटा

इम्बरच्या चर्चमधला सर्वांत वाचनीय मजकूर आकड्यांत लिहिलेला आहे. मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर १६९२ साली कुणीतरी रंगाने आकड्यांच्या ओळी उतरवल्या, त्या अजून टिकून आहेत. पाहायला येणारे बहुतेक जण त्यांच्यापुढे मिनिटभर उभे राहतात आणि पुढे सरकतात. त्यांचा दोष नाही. दाराबाहेर काटेरी तारेचे कुंपण आहे, रस्त्याकडेला न फुटलेल्या दारूगोळ्याचे इशारे आहेत, दारे-खिडक्या नसलेली घरे आहेत. एवढे नाट्य बाहेर चाललेले असताना भिंतीवरच्या आकड्यांत कोण रमणार? मला मात्र इम्बर वाचायला बसावे तर या आकड्यांपासूनच बसावे असे वाटते. उजाड गावाबद्दलची हळहळ थोडा वेळ बाजूला ठेवली तरी चालेल. ती आपोआप येते, तिला कष्ट पडत नाहीत.

आधी गावाचा ठावठिकाणा. दक्षिण इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात सॉल्सबरी प्लेन नावाचे खडूच्या दगडाचे विस्तीर्ण माळरान आहे. स्टोनहेंज याच माळावर. त्याच्या मधोमध एका घळीत इम्बर वसलेले होते. १०८६ च्या डूम्सडे जमीन-नोंदीत त्याचे नाव सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गावात साडेचारशेच्या आसपास माणसे होती, १९३१ च्या खानेसुमारीत दीडशे. जवळचे बाजाराचे गाव सहा-सात मैल दूर, मध्ये मेंढ्या आणि वारा. आज तिथे कुणीच राहत नाही. सगळा परिसर लष्कराच्या सरावाचा आहे आणि वर्षातले मोजके दिवस सोडले तर रस्ते बंद असतात. सेंट जाइल्सचे चर्च चढावर, कुंपणाच्या आत, मनोऱ्यासकट शाबूत आहे.

आता ते आकडे. इंग्लंडातल्या चर्चची घंटा जागेवर लटकून ठोके घेत नाही. ती मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली असते. खालून दोर ओढला की पुरती गिरकी घेते, तोंड वर करून क्षणभर तोल सांभाळते आणि उलटी फिरते. शेकडो किलोंचा हा ऐवज हवा तेव्हा थांबवता येत नाही, फार तर किंचित रेंगाळत ठेवता येतो किंवा किंचित घाईने फिरवता येतो. अशा घंटांवर धून वाजवणे अशक्यच. मग इंग्रजांनी दुसराच खेळ काढला, क्रम बदलण्याचा. पाच घंटा असतील तर बारीक आवाजाच्या घंटेपासून जाड आवाजाच्या घंटेपर्यंत आधी सरळ उतरायचे: १ २ ३ ४ ५. पुढच्या फेरीत २ १ ४ ३ ५. त्यापुढे २ ४ १ ५ ३. दर फेरीला प्रत्येक घंटा एक घर पुढे किंवा एक घर मागे सरकू शकते, नाहीतर जागीच थांबते. उडी मारायची परवानगी नाही. एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजता कामा नये आणि शेवटी १ २ ३ ४ ५ वर परत यायचे. पाच घंटांचे असे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. सातांचे सगळे क्रम न चुकता वाजवायला तीन तास लागतात. समोर कागद धरायचा नसतो. हात दोराला गुंतलेले, डोळे बाकीच्यांच्या दोरांवर.

५०४० हा आकडा मराठी मुलखातल्या संगीतवाल्यांना नवा वाटायला नको. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात सात स्वरांचे इतकेच क्रम मोजले आणि त्यांतला अमुक क्रमांकाचा क्रम कोणता, हे काढण्यासाठी खंडमेरूची रीत सांगितली. देवगिरीचा आणि विल्टशरचा काही संबंध नाही. गणित तेवढे एक आहे. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. शार्ङ्गदेवाचा प्रस्तार, म्हणजे सगळ्या क्रमांची मांडणी, एक बुद्धिमान माणूस एकटा बसून करू शकतो. घंटांचा प्रस्तार एकट्याला वाजवताच येत नाही. दर दोराला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला शेजाऱ्याचा दोर ओळखीचा असावा लागतो. भिंतीवरचा प्रत्येक आकडा म्हणजे कुणाची तरी उभे राहण्याची जागा आहे.

या कलेवरचे पहिले छापील पुस्तक 'टिंटिनॅलॉजिया' १६६८ साली लंडनमध्ये निघाले, फेबियन स्टेडमनचे 'कॅम्पॅनालॉजिया' १६७७ साली. त्यानंतर पंधरा वर्षांत माळरानावरच्या या खेड्याच्या भिंतीवर तीच विद्या रंगाने उतरलेली दिसते. इम्बरबद्दल बोलताना ते जगापासून कसे तुटलेले होते याचे वर्णन नेहमी केले जाते, ते मला जरा जास्त झालेले वाटते. रस्ता लांबचा होता एवढेच. राजधानीतले ताजे वेड दीड दशकात इथवर पोचले होते आणि गावाला ते इतके आवडले की त्यासाठी देवाच्या घराची भिंत दिली.

या भिंतीची शैलीही पाहण्यासारखी आहे. चर्चच्या भिंतीवर काय लिहावे याचे संकेत ठरलेले असतात: दहा आज्ञा, प्रार्थना, राजचिन्ह, देणगीदारांची नावे. हे सगळे वाचणाऱ्याला वरून काहीतरी सांगते. आकड्यांची ओळ काहीच सांगत नाही, ती फक्त कामाला लावते. संगीताच्या स्वरलिपीत असतो तसा तिच्यात एक कोरडेपणा आहे आणि मला तो फार आवडतो. इथेच, मुख्य दालनात, मध्ययुगातल्या भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने इंग्लंडभर अशी चित्रे चुन्याखाली गाडली आणि पुढे कुठे कुठे ती खरवडून पुन्हा उघडी केली गेली. इम्बरची चित्रे पुसट आहेत, त्यांच्यापुढे डोळे बारीक करून उभे राहावे लागते. भक्तीची चित्रे विरली आणि खेळाचे आकडे राहिले, म्हणून कुणी खंत करील. मी करत नाही. हे आकडेही एका परीने भक्तीचेच होते.

दुसऱ्या महायुद्धात जून १९४० पासून देशभरच्या चर्चच्या घंटांवर बंदी आली. जर्मन उतरले तरच त्या वाजवायच्या, एरवी मुकाट राहायचे. एल अलामेनच्या विजयानंतर नोव्हेंबर १९४२ मध्ये एक रविवार सूट मिळाली, आणि १९४३ मध्ये बंदी उठली. इम्बरला ही मोकळीक पुरते वर्षभरही लाभली नाही. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगण्यात आले की १७ डिसेंबरपर्यंत गाव रिकामे करायचे आहे. ४७ दिवसांची मुदत. युरोपात उतरण्यापूर्वी अमेरिकी सैनिकांना रस्त्यारस्त्यांतल्या लढाईचा सराव हवा होता आणि त्यासाठी खरेखुरे गाव हवे होते.

लोकांनी फारशी कुरकूर केली नाही असे लिहिले जाते. युद्ध चालू होते हे खरे, पण त्यामागे जमिनीचा हिशेबही होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युद्धखाते माळावरच्या जमिनी विकत घेत आले होते. शेतीचे दिवस वाईट, भाव चांगला, आणि विकल्यावर तीच जमीन कमी खंडाने कसायला परत मिळायची. दुसरे महायुद्ध सुरू झाले तोवर चर्च, पाद्रीसाहेबांचे घर, बाप्टिस्ट चॅपेल, शाळा आणि 'बेल इन' हे मद्यगृह सोडले तर जवळजवळ सगळे गाव खात्याच्या मालकीचे झालेले होते. विरोध करायला पायाखाली स्वतःची जमीन लागते. युद्ध संपले की परत येऊ, एवढा समज घेऊन लोक गेले. लेखी काही नव्हते. १९४८ मध्ये गाव लष्कराकडेच ठेवायचे ठरले.

चर्चच्या आत गेल्यावर काय आहे यापेक्षा काय नाही हे वाचावे लागते, आणि ते वाचायला बाहेरच्या दोन-तीन गावांची माहिती लागते. रूस घराण्यातल्या दोन सरदारांचे चिलखतातले आडवे दगडी पुतळे इथे होते. ते माळाच्या उत्तर कडेच्या एडिंग्टन प्रायरीत नेऊन ठेवले आहेत. बाप्तिस्म्याचे कुंड ब्रिक्स्टन डेव्हरिलला गेले. त्यामुळे आतले दालन कमानींच्या रांगांसह मोकळे उभे आहे. आजच्या चित्रदीर्घांत ठरवून केलेली मोकळीक असते तशी ही नाही. वेदीपासून दारापर्यंत सामान हलवल्यानंतरची आहे. मात्र त्यामुळे तेराव्या शतकातल्या गवंड्याचे काम विनाअडथळा दिसते. खांबाचा घेर, कमानीचा उतार, दोन्हींत लांबलचक माळाला शोभणारा संथपणा आहे. वेदीकडचा भाग एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधलेला आहे. तो नीटनेटका आहे आणि त्याच्याबद्दल अधिक काही सांगण्यासारखे नाही.

सरदारांच्या स्थलांतरात एक बोचरा विनोद आहे. मध्ययुगात हे गाव तलवार बाळगणाऱ्यांच्या हाताखाली होते, त्यांनी मेल्यावर चिलखत न उतरवता चर्चमध्ये जागा घेतली. सहाशे वर्षांनी दुसरे सैन्य आले आणि पहिल्याला जागा सोडावी लागली.

त्याहून बोचरी गोष्ट चर्च ज्याच्या नावाचे आहे त्या संताची. सेंट जाइल्स हा दक्षिण फ्रान्समधल्या रानात राहणारा साधू. एक हरिणी त्याला दूध द्यायची. राजाची शिकारी टोळी तिच्या मागे लागली, ती साधूच्या आडोशाला आली आणि तिच्यासाठी सोडलेला बाण साधूला लागला. जन्माचा जायबंदी झाला, म्हणून तो अपंगांचा आणि कुष्ठरोग्यांचा पाठीराखा. चित्रांत तो हरिणीला कवेत घेतलेला आणि बाण लागलेला दिसतो. मध्ययुगात चर्चला हे नाव देताना पुढे काय वाढून ठेवले आहे हे कुणाला ठाऊक असणार? आज हे चर्च गोळीबाराच्या मैदानात उभे आहे आणि त्याचा धनी भलत्याच्या नावाचा बाण लागलेला माणूस आहे. १३ एप्रिल १९४२ रोजी याच परिसरात, चर्चिलसमोर व्हायच्या हवाई प्रात्यक्षिकाची तालीम चालू असताना एका हरिकेन विमानाच्या वैमानिकाने नकली लक्ष्य समजून बघ्यांवरच गोळ्या झाडल्या. ते सगळे आपल्याच बाजूचे लष्करी लोक होते. २५ मेले, ७१ जखमी झाले. ठरलेले प्रात्यक्षिक तीन दिवसांनी पार पडले. एखाद्या कादंबरीकाराने संताची कथा आणि हा अपघात शेजारी शेजारी ठेवला असता तर मी त्याला भडकपणाबद्दल झोडपले असते. इतिहासाला झोडपता येत नाही.

बाहेरच्या दफनभूमीत थडग्यांचे दगड गवतात उभे आहेत. कोरीव काम साधे आहे, कलाकुसर म्हणून सांगावे असे काही नाही. एकाच आडनावाचे दगड जवळजवळ आहेत. नॅश हे त्यांतले एक घराणे. अल्बर्ट नॅश हा गावचा लोहार. गाव सोडायचा हुकूम आल्यावर तो आपल्या ऐरणीवर डोके टेकून रडताना सापडला असे सांगतात. गाव सोडल्यावर थोड्याच काळात तो गेला आणि त्याला पुरायला इम्बरला आणले. ही हकिकत प्रत्येक माहितीपत्रकात येते आणि वारंवार सांगून ती गुळगुळीत झाली आहे. ती मी इथे आणली ती ऐरणीसाठी नव्हे. तिच्यातला शेवटचा तपशील पाहावा. जिवंतपणी ज्याला परतीची वाट बंद होती, त्याला मेल्यावर वाट मिळाली. घरे गेली, शेते गेली, शाळा पाडली गेली. गावकऱ्याचा हक्क म्हणून उरला तो चर्चच्या आवारातल्या जमिनीवरचा. बाप्टिस्टांचे चॅपेलही आता नाही, पण त्याची दफनभूमी आहे. वर इंग्लंडच्या अधिकृत पंथाचे मृत, खाली त्यांच्याशी न पटलेल्यांचे. गाव नांदते असताना रविवारी सकाळी जी फाळणी व्हायची, ती तेवढी नेमकी टिकली आहे.

माळाच्या या भागात आणखी दोन दगड आहेत आणि ते मला इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. २१ ऑक्टोबर १८३९ रोजी इम्बरचा डीन नावाचा शेतकरी डिव्हायझेसच्या बाजारातून परतत असताना चार वाटमाऱ्यांनी त्याला लुटले. पाठलाग झाला, त्यात एक लुटारू धावता धावता मरून पडला, बाकीचे पकडले गेले. लोकांनी वर्गणी काढून लुटीच्या जागी आणि मृत्यूच्या जागी असे दोन दगड उभारले, पुढच्यांना धाक म्हणून. एका शेतकऱ्याची थैली गेली त्याचे एवढे स्मारक. गाव गेले त्याची पाटी धोक्याच्या इशाऱ्याची.

इंग्लंडातल्या खेड्यात चर्चच्या दाराशी किंवा चौकात युद्धस्मारक हे ठरलेलेच. त्या स्मारकांचे व्याकरण एका नियमाने घडवले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मृतांना मायदेशी आणायला मनाई केली. पैसेवाल्यांनी आपली मुले आणायची आणि गरिबांची परमुलखात राहायची, हे नको म्हणून. १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी फ्रेडरिक केन्यनच्या अहवालाने सगळ्यांना सारखा दगड हे तत्त्व घालून दिले. थडगे फ्रान्समध्ये, आई विल्टशरमध्ये. मग गावागावाने वर्गणी काढून नावे कोरलेला क्रूस उभारला. बऱ्याच ठिकाणी नावे वर्णक्रमाने असतात. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या तबेल्यातला पोऱ्या एकाखाली एक येतात. कलाकृती म्हणून यांतले बहुतेक दगड सामान्य आहेत, आणि त्यांनी सामान्य असावे हेच बरे. आडनावे मोठ्याने वाचत गेले की गावाचा आवाज ऐकू येतो. सगळे जिवंत परतले अशी गावे इतकी थोडी की आर्थर मी या लेखकाने त्यांना १९३० च्या दशकात वेगळे नाव दिले. आजवर पन्नासेक सापडली आहेत.

याच युद्धाचे दगड आपल्याकडेही आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागते ते या युद्धापासून घरोघरी चालत आलेल्या सैनिकीमुळे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचे स्मारक तिथे आहे. सरकारने तेव्हा हिंदुस्थानभर गावोगाव बसवलेल्या पाट्यांवर अमुक इतके गेले, अमुक इतके कामी आले, एवढेच असते. संख्या आहे, नावे नाहीत. मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या आघाडीवर थडगे न मिळालेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झाले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार मोजणी कोरली. केन्यनचे समतेचे तत्त्व तिथवर पोचता पोचता दमले. त्याच संस्थेच्या आजच्या वारसाने, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. इम्बरच्या भिंतीवर आकडा आहे तो माणसाला जागा देण्यासाठी. बसऱ्याच्या दगडावर आकडा आहे कारण माणसाला जागा दिली नाही. इम्बरचा विचार करताना ही दुसरी बाजू मराठी वाचकाला विसरता येणार नाही, येऊही नये. दीडशे विस्थापितांची एवढी आठवण राखणाऱ्या साम्राज्याने दूरच्यांची यादीही नीट लिहिली नाही.

तरीही इम्बरपुढे या स्मारकांचे व्याकरण अपुरे पडते. ते एकेका मृताचे नाव लिहायला घडवलेले आहे. १७ डिसेंबर १९४३ रोजी कुणी मेले नाही. लोक शेजारच्या गावांत गेले, कामाला लागले, मुले वाढली. दगडावर लिहायला नाव नाही. जे मोडले ते माणसांना एकमेकांचे दोर ओळखू येणे, आणि त्यासाठी स्मारकशिल्पात कुठला आकार अजून कुणाला सुचलेला नाही.

डॉर्सेटमधले टाइनहॅम हे गावही त्याच महिन्यात, लष्करी सरावासाठीच रिकामे झाले. जाताना तिथल्या चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली गेली: घरे जपा, आम्ही परत येऊ. आज टाइनहॅम बहुतेक शनिवार-रविवारी उघडे असते, चर्चमध्ये प्रदर्शन आहे, शाळेत जुनी बाके आणि वह्या मांडल्या आहेत. तिथली गर्दी जास्त आणि छायाचित्रेही सुरेख येतात. मला टाइनहॅम थोडे जास्त बोलके वाटते. प्रत्येक भिंत आपली ओळख करून देते आणि पाहुण्याला डोके चालवायला काही उरत नाही. इम्बर अजून वापरात आहे, हे त्याचे वेगळेपण. जुन्या घरांतली थोडीच उरली: बेल इन, इम्बर कोर्ट, सीग्रम्स फार्म आणि युद्धाच्या आदल्याच वर्षी बांधलेली कौन्सिलची घरे. त्यांच्यासोबत उत्तर आयर्लंडमधल्या लढाईच्या सरावासाठी १९७० च्या दशकात लष्कराने उभे केलेले खिडक्यांविना सांगाडे आहेत. पाहुणे अनेकदा यांनाच जुने गाव समजून उसासे टाकतात. कुणीही कधी न राहिलेली ही घरे आहेत. कुरूप आहेत, आणि कुणाची समजूत घालायला बांधलेली नाहीत. या ठिकाणच्या मजकुरात ती हवीतच.

लष्कराला निव्वळ खलनायक करूनही भागत नाही. इंग्लंडातले खडूचे बहुतेक माळ नांगराखाली आणि खताखाली गेले. सॉल्सबरी प्लेन सरावासाठी अडवले गेले म्हणून वाचले. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि त्या डबक्यांत फेअरी श्रिम्प ही दुर्मिळ, काचेसारखी पारदर्शक कोळंबी वाढते. तिची अंडी रणगाड्यांच्याच चिखलातून एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. गावाबाबतही असेच काहीसे. जानेवारी १९६१ मध्ये एमझबरीचे नगरसेवक ऑस्टिन अंडरवुड यांच्या पुढाकाराने दोन हजारांवर माणसे बंदी मोडून गावात शिरली. सार्वजनिक चौकशी झाली, निकाल लष्कराच्या बाजूने लागला, पण चर्च राखायचे आणि संताच्या सणाच्या, म्हणजे १ सप्टेंबरच्या, जवळच्या शनिवारी ते उपासनेसाठी उघडायचे, एवढे पदरात पडले. पुढे नित्याच्या उपासनेतून ते अधिकृतपणे निवृत्त झाले आणि चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्टकडे आले. त्यांनी डागडुजी केली. ती चांगली आहे: भोके बुजवली, पाणी अडवले, नवे रूप चढवले नाही.

२००९ पासून ऑगस्टमधल्या एका दिवशी वॉर्मिन्स्टर स्टेशनपासून इम्बरपर्यंत जुन्या लाल बसगाड्या धावतात. लंडनच्या वाहतूक खात्यातल्या वरिष्ठ मंडळींनी हौसेने सुरू केलेला हा प्रकार. त्यांतले पीटर हेन्डी २०२४ मध्ये ब्रिटनचे रेल्वेमंत्री झाले. मार्गाला २३-ए असा क्रमांक आहे, छापील वेळापत्रक आहे, थांबे आहेत. एकही रहिवासी नसलेल्या गावाला त्या दिवशी ठरावीक मिनिटांनी बस येते. गंभीर प्रकृतीच्या लोकांना ही जत्रा खटकते: पाव-केक, चहा, बसवेड्यांचे कॅमेरे, त्यात गावाच्या दुःखाचे काय? मला ती खटकत नाही. सेंट जाइल्सच्या दालनात शेदोनशे माणसे एकमेकांना वाट देत, बाजूला सरकत, पुढे येत फिरतात तो हा दिवस आहे, आणि ती इमारत तेवढ्यासाठीच बांधली होती. वर्षातले उरलेले दिवस रिकामेपणाला आहेतच. तिकिटांच्या पैशांतला वाटा चर्चला जातो. जायचे असेल तर सकाळच्या गाड्यांनी जावे. दुपारनंतर परतीच्या रांगा लांबतात.